बर्फातलं टेलगेटिंग: ऊब कुठून आणायची आणि हीटर कोणता घ्यायचा

डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेतल्या ग्रीन बेला पहिल्यांदाच अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला निघालेली आपली मंडळी मला फोन करतात, तेव्हा प्रश्न ठरलेला असतो: "हीटर कोणता घेऊ?" माझं उत्तरही आता ठरलेलं आहे. हीटर सगळ्यात शेवटी घ्या. आधी पायांखाली काय घालणार, वारा कशाने अडवणार आणि अंगात काय घालणार ते सांगा. या तीन गोष्टी जमल्या की लहानसा हीटर पुरतो. त्या जमल्या नाहीत तर लॉटमधला, म्हणजे स्टेडियमच्या पार्किंगमधला, सगळ्यात मोठा हीटर आणूनही माणूस कुडकुडतच राहतो.

जे अजून गेलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. पिकअपच्या मागच्या बाजूला खाली उघडणारी फळी असते, तिला टेलगेट म्हणतात. मॅचच्या काही तास आधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची, मागची फळी पाडायची, ग्रिल पेटवायची, खायचं, प्यायचं, अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या, हे झालं टेलगेटिंग. इथे विस्कॉन्सिन राज्यात ग्रिलवर ब्राटवुर्स्ट, म्हणजे जर्मन धाटणीचे सॉसेज असतात. आमच्या टेबलावर त्यांच्या शेजारी मिसळ असते, कट वेगळ्या थर्मासमध्ये. शेजारच्या गाडीवाल्यांनाही आता तिची सवय झाली आहे.

थंडी किती, याचा अंदाज आधी घ्या. ३१ डिसेंबर १९६७ ला इथल्याच लँबो फील्ड स्टेडियमवर ग्रीन बेचा संघ पॅकर्स आणि काउबॉइज यांचा सामना उणे १३ फॅरनहाइटला, म्हणजे उणे २५ सेल्सियसला सुरू झाला, आणि पंचांच्या शिट्ट्या गोठल्या. जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. १३ जानेवारी २०२४ ला कॅन्सस सिटीच्या अ‍ॅरोहेड स्टेडियममध्ये चीफ्स आणि डॉल्फिन्स खेळले तेव्हा तापमान उणे ४ फॅरनहाइट होतं आणि वाऱ्यामुळे ते उणे २७ इतकं जाणवत होतं. त्या दिवशी काही प्रेक्षकांना हिमदंश झाला.

हवामानाच्या अ‍ॅपवर नुसतं तापमान बघू नका, वाऱ्याचा वेगही बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या तक्त्याप्रमाणे शून्य फॅरनहाइट आणि ताशी १५ मैल वारा असला, तर उघड्या कातडीला उणे १९ सारखं लागतं आणि साधारण अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. टेलगेटिंग तीन-चार तास चालतं, आणि मग मॅचचे आणखी तीन तास.

पहिली पायरी: वारा बघून गाडी लावा

लॉटमध्ये शिरल्यावर बहुतेकजण दाराच्या जवळची जागा शोधतात. मी आधी झेंडे बघते. गाड्यांवर सगळीकडे झेंडे लावलेले असतात, त्यांवरून वारा कुठून येतोय ते लगेच कळतं. निवडीला वाव असेल तर गाडी अशी लावा की तिची लांब बाजू वाऱ्याला आडवी येईल आणि तुमची बसायची जागा तिच्या आडोशाला येईल. गाड्या खेटून लावायला लावणारा माणूस सहसा ऐकत नाही. मग कॅनपीची, म्हणजे चार पायांवरच्या कापडी छताची, एक भिंत कामाला येते.

दहा बाय दहा फुटांची उघडमिटीची कॅनपी बहुतेकांकडे असतेच. तिला वाऱ्याच्या बाजूची एक किंवा फार तर दोन भिंती लावा. चारही लावू नका. त्याचं कारण पुढे सविस्तर सांगते, कारण ते आमच्या घरावर येऊन गेलं आहे. डांबरावर खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून चारही पायांना वाळूच्या पिशव्या बांधा. भिंत लावलेली कॅनपी शिडासारखी वारा पकडते, आणि तिच्याखाली पेटता हीटर असतो. कापडावर ते सहजी पेट घेणार नाही असं प्रमाणित केल्याची पट्टी आहे का, तेही विकत घेताना पाहून घ्या.

दुसरी पायरी: पायांखालचा पाट

लहानपणी आजी फरशीवर बसू द्यायची नाही. "गार लागेल, पाट घे," म्हणायची. लॉटमध्ये तीच गोष्ट दसपट खरी आहे. गोठलेलं डांबर बुटाच्या तळातून तासन्‌तास ऊब ओढून घेतं. हवेतला गारठा जॅकेट अडवतं, पण तुमचं सगळं वजन तळव्यांवर असतं आणि दाबला गेलेला सोल फारसं काही अडवू शकत नाही.

जिममध्ये जमिनीवर घालतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चौकोनी मॅट घ्या. अर्धा इंच जाडी पुरते. त्यांवर एखादी जुनी सतरंजी टाका. फोम ओला झाला की निसरडा होतो, सतरंजीमुळे पाय घसरत नाही. सहा माणसांच्या बसण्यापुरती एवढी जागा झाकायला हीटरच्या निम्मेही पैसे लागत नाहीत, आणि फरक दहा मिनिटांत कळतो. मॅट हीटरच्या पुढ्यात मात्र येऊ देऊ नका, फोम वितळतो.

खुर्चीचंही तसंच. कापडी घडीच्या खुर्चीत बसलं की खालून वारा थेट पाठीला आणि मांड्यांना लागतो. बैठकीवर फोमचा तुकडा किंवा घडी घातलेली गोधडी ठेवा. बॅटरीवर गरम होणाऱ्या खुर्च्याही मिळतात, त्या चांगल्या असतात, पण आधी गोधडी.

बूट एक नंबर मोठे घ्या. दोन जाड मोजे कोंबून घट्ट बसलेल्या बुटात रक्त नीट फिरत नाही, आणि बोटं उलट लवकर बधिर होतात.

तिसरी पायरी: अंगावरची ऊब

इथे एक साधा हिशोब मांडते, त्यातून सगळा लेख कळेल. एक हजार वॉट-अवरचं पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी घ्या. त्यावर घरातला १५०० वॉटचा विजेचा हीटर लावला तर तो जेमतेम ३५ मिनिटं चालतो, आणि तेवढ्या वेळात जी काही हवा तापते ती वारा घेऊन जातो. त्याच पॉवर स्टेशनवर ५० वॉटची १२ व्होल्टवाली गरम होणारी चार ब्लँकेटं लावली तर ती चार तासांहून जास्त चालतात, आणि सगळी ऊब माणसांच्या मांडीवरच राहते. उघड्या मैदानात हवा तापवणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. माणूस तापवा.

म्हणून विजेचं जे काही घ्याल ते अंगाला लागणारं घ्या. बॅटरीचं जॅकेट किंवा बंडी यात माझी पसंती बंडीला. ती जाड कोटाच्या आत घालता येते, आणि छाती-पाठ गरम राहिली की शरीर हातापायांकडे जाणारं रक्त आखडतं घेत नाही. कोटाच्या वरून घातलेलं गरम जॅकेट निम्मी ऊब बाहेर देतं. घेताना बॅटरी 'हाय'वर किती वेळ टिकते ते विचारा. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले तास बहुधा 'लो'चे असतात. ज्यांची बोटं थंडीत पांढरी पडतात त्यांनी बॅटरीचे हातमोजेही घ्यावेत, बाकीच्यांना बोटं एकत्र ठेवणारे साधे मिटन पुरतात.

लिथियमची कुठलीही बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. गोठणबिंदूखाली ती चार्ज करू नका, आतून खराब होते. पॉवर स्टेशन गरज लागेपर्यंत गाडीतच राहू द्या आणि बाहेर काढल्यावर मॅटवर ठेवा.

एकदा वापरून टाकायच्या हातगरम पुड्या ही या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची गोष्ट. आत लोखंडाचा बारीक चुरा, मीठ, कोळशाची पूड आणि थोडी ओल असते. पुडी उघडली की हवा लागून लोखंड झपाट्याने गंजतं आणि गंजताना ऊब देतं. त्यामुळे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुडी वापरायच्या १५-२० मिनिटं आधी उघडा, कारण तिला तापायला वेळ लागतो. आणि अर्धी वापरून झाली असेल तर हवाबंद झिपच्या पिशवीत टाका. हवा तुटली की गंजणं थांबतं आणि उरलेली ऊब पुढे वापरता येते. बुटात घालायच्या पुड्या वेगळ्या मिळतात, त्या कमी हवेत चालतील अशा केलेल्या असतात. हाताची पुडी बुटात कोंबली तर ती लवकरच थंड पडते. पुडी थेट कातडीवर चिकटवू नका, मध्ये मोजा असू द्या.

आणि आपल्या घरातली रबरी गरम पाण्याची पिशवी! गुडघे दुखतात म्हणून आईने भारतातून येताना आणलेली पिशवी मी लॉटमध्ये नेते. थर्मासमधलं पाणी तिच्यात भरायचं, वर लोकरीचं आवरण घालायचं आणि ब्लँकेटखाली मांडीवर ठेवायची. दीड-दोन तास आरामात जातात. वयस्कर माणसाला आणि लहान मुलांना याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही.

बिअरने अंगात ऊब येते हा भास आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून गरम वाटतं, पण शरीरातली उष्णता बाहेर निघून जाते. ज्यांना घ्यायची त्यांनी घ्यावी, फक्त तिला थंडीवरचा उपाय समजू नये.

चौथी पायरी: आता हीटर

हीटरची ताकद इथे बीटीयूमध्ये मोजतात. एक पौंड पाणी एक फॅरनहाइटने तापवायला लागते तेवढी उष्णता म्हणजे एक बीटीयू. घरातला १५०० वॉटचा हीटर तासाला साधारण ५,१०० बीटीयू देतो, हे माप डोक्यात ठेवलं की बाकीचे आकडे समजतात.

मोकळ्यात बीटीयूपेक्षा हीटर ऊब कशी देतो हे महत्त्वाचं. पंख्याने गरम हवा फेकणारे हीटर बंद जागेसाठी ठीक आहेत. मोकळ्यात लालबुंद जाळीचे, किरणांनी तापवणारे घ्या. शेकोटीपुढे बसल्यावर हवा गार असली तरी तोंडाला शेक लागतो ना, तसंच हे. त्याचा तोटाही शेकोटीचाच, तोंड भाजतं आणि पाठ गारठते. म्हणून एका मोठ्या हीटरपेक्षा समोरासमोर ठेवलेले दोन लहान हीटर चांगले.

चार-पाच माणसांच्या कुटुंबाला मी बहुतेक वेळा मिस्टर हीटर कंपनीचा 'पोर्टेबल बडी' किंवा त्याच जातीचा हीटर सुचवते. तो ४,००० आणि ९,००० बीटीयूवर चालतो, प्रोपेन गॅसच्या एक पौंडाच्या छोट्या सिलिंडरवर लागतो, कलंडला तर आपोआप बंद होतो आणि प्राणवायू कमी झाला तरी बंद होतो. किंमत साधारण शंभर डॉलरच्या आसपास. त्याचा मोठा भाऊ 'बिग बडी' १८,००० बीटीयूपर्यंत जातो. मला लहानाचे दोन बरे वाटतात, एक बिघडला तरी दुसरा हाताशी राहतो. डेन्व्हरकडच्या मंडळींसाठी एक सूचना: सात हजार फुटांच्या वर हे हीटर विरळ हवेमुळे आपले आपण बंद पडू शकतात. स्टेडियमला अडचण नाही, वर डोंगरात नेणार असाल तर लक्षात ठेवा.

दुसरा प्रकार म्हणजे २० पौंडाच्या टाकीच्या डोक्यावर बसवायचा हीटर. एका तबकडीचा साधारण १५,००० बीटीयू देतो, दोन तबकड्यांचा ३०,०००. शेक जोरदार, किंमत कमी. पण हा फक्त उघड्यावर चालवायचा असतो आणि वजन डोक्यावर असल्यामुळे डळमळतो. बर्फावर टाकी कधीही ठेवू नका, खाली प्लायवुडचा सपाट तुकडा ठेवा. बागडणारी मुलं किंवा कुत्रा बरोबर असेल तर हा प्रकार मी घेणार नाही.

हॉटेलच्या अंगणात असतो तसा उंच छत्रीचा हीटर काहीजण ट्रकमध्ये घालून आणतात. तो ४०,००० बीटीयूच्या पुढे खातो आणि वारा असला की शेक डोक्यावरून निघून जातो. पंधरा-वीस जणांचा उभा घोळका असेल आणि वारा नसेल तरच त्याचा उपयोग.

डिझेल हीटर हल्ली लॉटमध्ये खूप दिसू लागले आहेत, आणि मोठ्या गटासाठी मला ते मनापासून आवडतात. पेटीत डिझेल जळतं, जळण्याची हवा आणि धूर वेगळ्या नळ्यांनी जातात-येतात, आणि स्वच्छ गरम हवा तिसऱ्या जाड नळीतून तुमच्याकडे येते. पाच किलोवॉटचा हीटर म्हणजे साधारण १७,००० बीटीयू, आणि पूर्ण जोरात त्याला तासाला सुमारे अर्धा लिटर डिझेल लागतं. बॅटरी १२ व्होल्टची लागते; पेटताना तो बराच करंट ओढतो, मग थोडक्यात भागवतो. डिझेल हिवाळ्याचं भरा, उन्हाळ्याचं डिझेल थंडीत दाटून नळीत अडकतं. धुराची नळी वाऱ्याच्या उतारावर, लोकांपासून आणि कॅनपीपासून लांब काढा. पेटी स्वतः कॅनपीच्या बाहेर ठेवा. जुळणीला वेळ लागतो, म्हणून वर्षातून एखाद्या मॅचला जाणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

रॉकेलचा हीटर ऊब भरपूर देतो, पण लॉटमध्ये तो ओतायचा, सांडायचा, आणि मग मिसळीलाही रॉकेलचा वास. मी नेत नाही. लाकडाची शेकोटी बऱ्याच स्टेडियमच्या लॉटमध्ये चालत नाही. हीटर, ग्रिल, जनरेटर, कॅनपी यांचे नियम प्रत्येक स्टेडियमच्या संकेतस्थळावर दिलेले असतात, तिकीट काढलंत की तेही वाचून घ्या.

पाचवी पायरी: गॅसचं गणित

एक पौंड प्रोपेनमध्ये अंदाजे २१,६०० बीटीयू असतात. ९,००० वर चालवला तर लहान सिलिंडर सव्वादोन-अडीच तास पुरतो, ४,००० वर पाच-साडेपाच तास. २० पौंडाच्या भरलेल्या टाकीत सुमारे ४,३०,००० बीटीयू असतात, म्हणजे १५,००० च्या हीटरला २८ तासांच्या आसपास. जुनी देऊन नवी घ्यायच्या टाक्यांमध्ये मात्र बहुधा १५ पौंडच भरलेले असतात. टाकीच्या कॉलरवर 'टीडब्ल्यू' अशी अक्षरं आणि रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. न्हाणीघरातल्या काट्यावर टाकी ठेवा, त्यातून ते वजन वजा करा, गॅस किती उरलाय ते कळतं. आपल्याकडे सिलिंडर हलवून अंदाज घेतात त्यापेक्षा हे पक्कं.

थंडीत कुठला गॅस, हा प्रश्न आपल्या लोकांसाठी जास्त महत्त्वाचा आहे, कारण कितीतरी घरांत डोसे-पावभाजीसाठी ब्यूटेनच्या लांब डब्यावर चालणारी शेगडी असते आणि तीच लॉटमध्ये येते. ब्यूटेन साधारण उणे अर्ध्या सेल्सियसला उकळतो. त्याखाली तो डब्यात द्रवच राहतो आणि शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू होत राहतो. म्हणून शेगडीही प्रोपेनचीच न्या. खिशातला लायटरसुद्धा ब्यूटेनचाच असतो, तो आतल्या खिशात गरम ठेवा, नाहीतर ऐनवेळी ठिणगी पडते आणि ज्योत येत नाही.

प्रोपेनलाही मर्यादा आहे. द्रवाचा वायू होताना तो सिलिंडरमधली उष्णता ओढतो, त्यामुळे सिलिंडर बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि दाब पडतो. आमच्या दुसऱ्या वर्षी बाहेर उणे १५ सेल्सियस होतं. हीटर 'हाय'वर ठेवला, आणि पाऊण तासात छोट्या सिलिंडरवर खालच्या अर्ध्या भागात पांढरं दव गोठलेलं दिसलं. ज्योत निळसर, आळशी झाली आणि विझली. हलवून पाहिलं तर आत गॅस खुळखुळत होता. तेव्हापासून कडाक्याच्या दिवशी मी छोटे सिलिंडर दोन ठेवते आणि आलटून पालटून लावते, किंवा नळी लावून २० पौंडाची टाकी जोडते. टाकी मोठी, द्रवाचा पसारा मोठा, दाब टिकतो. नळीने जोडताना हीटर बनवणाऱ्याने सांगितलेला फिल्टर किंवा त्याचीच खास नळी वापरा. साध्या नळीतला तेलकट अंश हीटरच्या बारीक छिद्रात जाऊन बसतो. गोठलेल्या सिलिंडरला ज्योत दाखवू नका, विजेचं ब्लँकेट गुंडाळू नका. मॅटच्या तुकड्यावर ठेवा, एवढं पुरे.

छोटे सिलिंडर पुन्हा भरायच्या जोडण्या बाजारात मिळतात. त्या वापरू नका. हे सिलिंडर एकदाच भरण्यासाठी बनवलेले असतात, आणि भरून गाडीतून नेणं कायद्याने गुन्हा आहे, तसं त्यांच्यावरच छापलेलं असतं.

बंद तंबू: इथे थांबून वाचा

बाबा नाशिकहून आले होते. थंडी बेताची होती, वारा मात्र बोचरा. त्यांना लागू नये म्हणून आम्ही कॅनपीच्या चारही भिंती लावल्या, मध्ये टाकीवरचा हीटर पेटवला. आत छान ऊब झाली. अर्ध्या तासाने बाबा म्हणाले, "अगं, डोकं जरा जड झालंय. थोडं मळमळतंय." मी म्हटलं, "प्रवासाचा शीण असेल बाबा, तुम्ही जरा डोळे मिटून बसा." ते मिटूनही बसले. शेजारच्या गाडीतले म्हातारे गृहस्थ, नारिंगी शिकारी जॅकेटवाले, काहीतरी मागायला आत डोकावले. त्यांनी एकदा हीटरकडे बघितलं, एकदा बाबांकडे, आणि एक शब्द न बोलता दोन भिंतींची वेल्क्रो टराटरा ओढून काढली. मग बाबांना दंडाला धरून बाहेर नेलं. मोकळ्या हवेत दहा-पंधरा मिनिटांत त्यांचा चेहरा बदलला. आम्ही त्यांना प्रथमोपचार केंद्रात नेलं, तिथे प्राणवायू दिला. डोळे मिटून बसा, हे मीच त्यांना सांगितलं होतं, ते अजून मला झोपेतून उठवतं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं, आणि ती थकव्यासारखी, हँगओव्हरसारखी, जेटलॅगसारखी दिसतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं उठलीच नाहीत, अशा बातम्या भारतात दर हिवाळ्यात येतात. तोच हा वायू.

म्हणून निदान दोन बाजू उघड्या ठेवा, हीटरवर काहीही लिहिलेलं असो. 'प्राणवायू कमी झाला की बंद होतो' या सोयीवर सगळं सोडू नका. ती सोय प्राणवायू मोजते, कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. अलार्म ठेवा, पण कुठला ते बघा. घरातले साधे अलार्म थंडीसाठी बनवलेले नसतात, शिवाय हवेत ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) कार्बन मोनॉक्साइड असला तरी ते तासाभरानंतर कधीतरी वाजतात. आरव्हीसाठीचा (राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठीचा), आकडा दाखवणारा अलार्म घ्या आणि आकडा वाढताना दिसला की वाजण्याची वाट बघू नका. कोविडपासून आपल्या घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहेत. यात त्यांचा उपयोग नाही, विषबाधा झालेल्या माणसातही ते ९८-९९ दाखवू शकतात. कुणाला लक्षणं दिसली तर बाहेर मोकळ्यावर न्या आणि ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा.

जनरेटर असेल तर २० फूट लांब, धुराचं तोंड माणसांपासून उलट. कोळशाची ग्रिल कॅनपीखाली कधीच नाही. आणि हीटरच्या आजूबाजूला तीन फूट मोकळं. कॉलेजच्या पोरांच्या पॉलिस्टरच्या स्कार्फचं टोक किती पटकन वितळतं ते मी पाहिलंय. एबीसी प्रकारचं अग्निशामक नळकांडं गाडीत खोल पुरू नका, हाताशी ठेवा.

आदल्या रात्री आणि मॅचच्या दिवशी

सगळं एकदा घरी, अंगणात पेटवून बघा. जोड घट्ट आहेत ना, हे साबणाच्या पाण्याने तपासायचं असतं, आणि लॉटमध्ये साबणाचं पाणी गोठतं. बुडबुडा आला तर जोड उघडून पुन्हा बसवा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर डिकीच्या तळाशी साचतो. टाकी उभी, पट्ट्याने बांधलेली आणि झडप बंद करून न्या, खिडकी थोडी उघडी ठेवा आणि घरी पोचल्यावर ती गाडीत विसरू नका.

टाकीची झडप सावकाश उघडा. झटकन फिरवली तर आतली सुरक्षेची सोय गळती समजून गॅस तोडते आणि हीटर मिणमिणता जळतो. तसं झालं तर सगळं बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा हळू उघडा. पेटवताना बटण नेहमीपेक्षा जास्त वेळ, तीस-चाळीस सेकंद दाबून धरा. ज्योतीजवळची धातूची कांडी थंडीत तापायला वेळ घेते.

थर्मासमध्ये चहा ओतण्याआधी उकळतं पाणी घालून दहा मिनिटं ठेवा आणि मग ते ओतून टाका, चहा दुपारपर्यंत वाफाळता राहतो. पिण्याचं पाणी कूलरमध्ये ठेवा. इथे कूलर गार ठेवायला नसतो, गोठू नये म्हणून असतो. बाटल्या उलट्या उभ्या करा. बर्फ वरून धरतो, तोंडाशी पाणी राहतं.

हीटर इथेच राहतो

आत जायच्या पाऊण तास आधी हीटर बंद करा. आधी टाकीची झडप, मग नळीतला उरलेला गॅस जळू द्या, मग हीटरचं बटण. जाळी निवेपर्यंत आवराआवर करा. कोळसा वापरला असेल तर लॉटमध्ये निखाऱ्यांसाठी ठेवलेल्या पिंपातच टाका. अर्धवट विझलेली ग्रिल डिकीत ठेवून लोक निघून जातात, असं कधीही करू नका.

आता पुढचे तीन तास हीटर नाही. लँबोमध्ये बसायला बहुतेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमचे बाक आहेत आणि पायांखाली काँक्रीट. म्हणून निघतानाच बुटातल्या पुड्या बदला, बंडीची बॅटरी नवी लावा, बसायला फोमची गादी घ्या आणि एक पुठ्ठा. स्टेडियममध्ये काय नेता येतं ते आधीच वाचलेलं असेलच. पुठ्ठा पायांखाली घालायचा. जुनेजाणते पॅकर्सवाले वर्षानुवर्षं हेच करतात.

गाडीत मात्र एक दुसरा थर्मास ब्लँकेटात गुंडाळून ठेवून जा. मॅच संपल्यावर लॉट रिकामा व्हायला तास तास लागतो, आणि सगळ्यात जास्त हुडहुडी तेव्हाच भरते. बसलात की लगेच गाडी सुरू करू नका. आधी मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीभोवती बर्फ साचलाय का बघा, हाताने, पायाने, जे मिळेल त्याने तो मोकळा करा. नळी बुजलेली असेल तर धूर गाडीतच शिरतो, आणि त्या वेळी मागच्या सीटवर मुलं आणि आजोबा गाढ झोपलेले असतात.